नटावरची लाल रेघ

मी कधी उडालो नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला उंचीची भीती वाटते. गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायचे असले तरी मी कठड्यापासून हातभर लांब उभा राहतो, आणि बायको खालून हसते. तरीही ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तीन-चार वर्षं मी अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर भागातल्या उडणाऱ्या हौशी मंडळींचा सुरक्षाप्रमुख होतो. बिनपगारी. कुणी मागे लागलं नव्हतं, मीच हात वर केला होता.

मंडळ म्हणजे आठ-नऊ माणसं आणि एक हँग ग्लायडर. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हा बिनइंजिनाचा पंख. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, खाली एक त्रिकोणी दांडा. माणूस पट्ट्यांमध्ये लटकतो, दांडा धरून टेकडीच्या उतारावरून धावत सुटतो, आणि वारा मनासारखा असेल तर पाय जमिनीवरून सुटतात. आमचा पंख आम्हीच केलेला होता. कापड शिवून घेतलं होतं उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, जीन्स शिवणाऱ्या एका सिंधी शेठच्या कारखान्यात, कारण दुहेरी सुईची मशीन त्याच्याकडेच होती. तो माप घेताना सारखा म्हणायचा, "साईं, पँट फट गई तो आदमी शरमाता है. ये फट गया तो?" आम्ही हसायचो. पण त्याने शिवलेली शिवण शेवटपर्यंत एका टाक्यानेही उसवली नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे काही लोकांनी त्याच्याकडेही बोट दाखवून पाहिलं.

सांगाडा जोडला होता आमच्याच कारखान्यातल्या एका फिटरने. मी तिथे ड्रॉइंग ऑफिसमध्ये होतो, ते देखभाल विभागात. वयाने माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. तरी तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करायचो आणि ते मला साहेब म्हणायचे, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. निदान मला तरी वाटत नसे. त्यांचं काय, ते मी कधी विचारलं नाही. कारखान्यातल्या सगळ्या क्रेनचे आकडे आणि साखळ्या तेच तपासायचे. त्यांची सही पडल्याशिवाय क्रेन वजन उचलत नसे. मोठमोठे सुपरवायझर त्यांच्या सहीसाठी ताटकळत उभे राहायचे आणि ते आपले शांतपणे आकड्यावर बोट फिरवत बसायचे.

मला सुरक्षेचं वेड कारखान्यातच लागलं. तिथल्या सुरक्षा समितीवर होतो, दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं, आणि दोन दिवसांच्या प्रशिक्षणाने माणूस जितका शहाणा होतो तितका मी झालो होतो. पहिल्यांदा टेकडीवर गेलो तेव्हा मंडळींचा कारभार बघितला. चिखलोलीच्या मागचा तो उतार, आता तिथे आसपास इमारती झाल्या आहेत, तेव्हा नुसतं गवत होतं. टेम्पोतून नळ्या उतरवायच्या, घाईघाईने जोडायच्या, आणि कुणीतरी "हो, बरोबर आहे" म्हणालं की दुसरा कुणीतरी धावत सुटायचा. मी चिडलो. मी लवकर चिडतो. तिथल्या तिथे एक भाषण ठोकलं आणि पुढच्या रविवारी नियम लिहून आणले.

त्यातले दोन नियम या हकिकतीपुरते सांगतो. पहिला खुणेचा. दर रविवारी उघडावे लागणारे बोल्ट होते, त्यांना पिना होत्या. पण आठ बोल्ट असे होते की ते कधी उघडायचे नाहीत. नळ्यांचे मुख्य सांधे त्यांच्यावर होते. त्या आठांच्या नटावरून खालच्या पट्टीपर्यंत लाल ऑइलपेंटची एक सरळ रेघ मारायची. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. दुसरा नियम असा की ज्याने नट आवळला त्याने तो तपासायचा नाही. माणसाला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून डोळे दुसऱ्याचे हवेत. आवळणार फिटर, तपासणार मी. आधी डोळ्यांनी बघायचं, मग बोटांनी चाचपायचं, मग वहीत खूण करून सही. फिटरने हा नियम ऐकला आणि म्हणाले, "बरोबर आहे साहेब. क्रेनला पण असंच पायजे, पण तिथे ऐकतो कोण." त्यांनी मला दिलेली ती एकमेव शाबासकी. मी ती घरी जाऊन बायकोला सांगितली होती.

एवढ्यावर थांबलो असतो तर माझा स्वभाव तो कसला. मी एक पत्रकही सुरू केलं. कारखान्याच्या परवानगीने तिथल्याच यंत्रावर सायक्लोस्टाइल करून काढायचो. कल्याणपासून पुण्या-नाशिकपर्यंत जे कुणी ग्लायडर उडवत, विमानांची मॉडेलं उडवत, त्यांना टपालाने पाठवायचो. चाळीसेक पत्ते जमले होते. कुणाची तार कशी तुटली, कुणी वाऱ्याचा अंदाज कसा चुकवला, सगळं त्यात छापायचं. वरच्या कोपऱ्यात मी दर वेळी एक ओळ टाकायचो, "चूक लपवू नका, कळवा, म्हणजे दुसरा वाचेल." ती ओळ मला फार आवडायची. लोकांची पत्रं यायची, कौतुक व्हायचं. मंडळात मला सेफ्टीसाहेब म्हणू लागले होते, त्यात थट्टा होती हे कळायचं, तरी बरं वाटायचं.

त्या वर्षी खंडेनवमीला सगळे म्हणाले, पंखाची पूजा करू. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, कारखान्यात लेथपासून पान्यापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, मग पंखाने काय घोडं मारलंय. बदलापूरला आमचा मुख्य उडणारा राहायचा, बँकेत कारकून होता, सहा महिन्यांपूर्वीच लग्न झालेलं. त्याच्या चाळीपुढच्या अंगणात पंख उभा करून झेंडूच्या माळा घातल्या. आमचे अध्यक्ष उल्हासनगरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, त्यांना आम्ही सर म्हणायचो. सरांनी नारळ फोडला. फिटर नव्हते. ते बौद्ध, दसऱ्याला दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, आदल्या दिवशीच गाडीत बसलेले असत.

कारकुनाची नवी नवरी कुंकवाची वाटी घेऊन उभी होती. कुंकू तेलात कालवलेलं, म्हणजे धातूवर नीट बसतं. एवढ्या मोठ्या धुडाला नेमकं कुठे लावायचं ते तिला कळेना. तेव्हा मी पुढे झालो. माझ्या डोक्यात एक झकास कल्पना आली होती. "वहिनी," मी म्हणालो, "जिथे जिथे लाल रेघ दिसते ना, तिथे लावा. हे आठ नट म्हणजेच आमचे खरे देव." सगळ्यांनी वा वा केली. मी तिच्याबरोबर एकेका नटापाशी गेलो, बोट दाखवत गेलो, आणि तिने आठही नटांवर कुंकवाचा जाड लेप दिला. लाल रेघेवर लाल कुंकू. माझ्या स्वतःच्या अकलेने, माझ्या स्वतःच्या बोटाने दाखवून.

पुढच्या रविवारी फिटर टेकडीवर आले, पंखाभोवती एक चक्कर मारली आणि सरळ माझ्याकडे आले. "साहेब, खुणा दिसत नाय. कुंकू पुसून परत रेघा मारायला पायजेत." मी काही बोलायच्या आत पलीकडून सर म्हणाले, "अरे, तुला कुंकवाचं वावडं, म्हणून आमचंही पुसणार काय?" मंडळी हसली. फिटर सरांकडे वळून म्हणाले, "सर, मी देवाचं नाय बोलत, नटाचं बोलतोय." तेवढ्यात कारकून म्हणाला, "अहो, बायकोने लावलेलं कुंकू आहे, पुसायच्या गोष्टी कसल्या करता!" तोही अर्धा थट्टेत, पण अर्धाच. नव्या लग्नात कुंकू पुसण्याचं नाव कोण काढणार? पुन्हा हशा झाला.

मीही हसलो. मोठ्याने नाही, पण हसलो. फिटर शंभर टक्के बरोबर बोलत होते हे त्या टेकडीवर फक्त दोघांना कळत होतं, त्यांना आणि मला. मी नुसतं म्हणालो असतो की अरे, हा नियम माझा आहे, आण ते फडकं इकडे, तर सगळे गप्प बसले असते. पण सगळ्यांच्या देखत त्यांच्या बाजूला उभं राहायचं, आणि तेही कुंकवावरून, हे माझ्याच्याने झालं नाही. आपण त्यांच्यातले दिसू असं मनात आलं होतं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली आहेत. तेव्हा मी एवढंच म्हणालो, "बघतो. पुढच्या रविवारपर्यंत करतो."

केलं नाही. दोन आठवड्यांनी कॅन्टीनमध्ये ते माझ्या टेबलापाशी आले. हातात लाल रंगाचा छोटा डबा आणि बारीक ब्रश. "नियम तुमचाच आहे साहेब. मी आवळलेलं मी तपासू शकत नाय. नायतर मीच करून टाकलं असतं." शेजारी दोन अधिकारी बसले होते. मी डबा घेतला, हो हो म्हटलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. मग दिवाळी आली. दर रविवारी मी टेकडीवर जायचो, पंखाभोवती फिरायचो, आठ ठिकाणी लाल दिसायचं, वहीत आठ खुणा करायचो, खाली सही. बोटांनी चाचपत नव्हतो. चाचपलं की तेलकट कुंकू बोटांना लागायचं आणि रविवारी मी पांढरा सदरा घालायचो. कारण एवढंच होतं, याहून मोठं काही नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी वारा चांगला होता. कारकून धावत सुटला, पाय सुटले, खालून आम्ही टाळ्या वाजवल्या. दोन माणसं एकावर एक उभी राहिली असती एवढ्या उंचीवर तो असताना डावा पंख एकदम मिटला. आडवी नळी जिथे पुढच्या नळीला जोडलेली होती तो बोल्ट सुटला होता. टेम्पोच्या हादऱ्यांनी नट दर रविवारी थोडा थोडा फिरत गेला असणार, आणि वर लेप जसाच्या तसा. तो डाव्या कुशीवर आपटला. त्याची किंकाळी मला अजून ऐकू येते असं मी म्हणणार नाही, कारण तो ओरडलाच नाही. पाय बघून "अरे, हे काय झालं" एवढंच म्हणाला. मांडीचं हाड मोडलं होतं.

चौघांनी त्याला टेम्पोत घातलं आणि उल्हासनगरला दवाखान्यात नेलं. मी मागे राहिलो, सामान आवरायला म्हणून. आणि एकटा राहिल्याबरोबर मी काय केलं, तर खिशातून रुमाल काढला आणि उरलेल्या सात नटांवरचं कुंकू पुसून टाकलं. महिनाभर ज्याला हात लावला नव्हता ते पाच मिनिटांत पुसलं. उजव्या बाजूची एक रेघ तुटलेली निघाली, तो नटही फिरला होता. तेवढ्यात खाली टेम्पोपर्यंत गेलेले फिटर टेकडी चढून परत आले, पडलेला नट गवतात शोधायला. त्यांनी माझ्या हातातल्या लाल रुमालाकडे पाहिलं. मी रुमाल खिशात घातला. ते गवतात शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. कारकून औषधाच्या गुंगीत होता. बाहेरच्या बाकावर त्याची बायको बसली होती. मला पाहून उठली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, मी कुंकू लावलं म्हणून तर काही झालं नाही ना?" रात्रभर तिने तेच घोकलेलं दिसत होतं. मी म्हणालो, "छे छे, भलतंच काय! फिटरकडून नट सैल राहिला होता." तिचा चेहरा सैल पडला. ती रडली, पण हलकी होऊन रडली. त्या क्षणी मला वाटलं की मी चांगलं काम केलं. खरं उत्तर अगदी जवळ होतं. "तुमचं काही चुकलं नाही, चुकलं माझं," एवढं म्हटलं असतं तरी ती तितकीच हलकी झाली असती. ते मला सुचलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. सुचलं होतं.

एकदा ते वाक्य तोंडातून गेलं आणि मग ते सगळीकडे फिरलं. सरांनी ते उचललं, मंडळात तेच बोलू लागले. पत्रक काढणं भागच होतं, पुण्याहून विचारणा आली होती. मी लिहिलं. वारा, उंची, पंख कसा मिटला, सगळं नीट तपशिलात, आणि शेवटी, "जोडणी करताना नट फिटरकडून पुरेसा आवळला गेला नसावा असे दिसते. नियमित तपासणी झालेली होती." वर कोपऱ्यात माझी आवडती ओळ होतीच. चाळीस पत्त्यांवर पाठवलं. एक प्रत नेहमीप्रमाणे कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांकडे गेली, कारण यंत्र त्यांचं.

फिटर पत्रक घडी करून खिशात घालून आले होते. ड्रॉइंग ऑफिसच्या दारातच उभे राहिले. "साहेब, हे तुम्ही लिहिलं?"

"मंडळाने ठरवून लिहिलंय," मी म्हणालो. ठरवलं वगैरे कुणी काही नव्हतं.

"दिसते असं लिहिलंय. कुणाला दिसलं?"

मी कागद चाळत बसलो. ते निघून गेले. टेकडीवर ते पुन्हा कधी आले नाहीत.

आठवड्याने मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पत्रक होतं. "हा फिटर म्हणजे आपला क्रेनवाला ना?" मी हो म्हणालो. "मग क्रेनची तपासणी त्याच्याकडे ठेवणं बरं नाही. तुम्हाला काय वाटतं? तुम्ही सुरक्षा समितीवर आहात." मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं, सर." त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. पगार तोच, पण काम खिडकीतून बोल्ट आणि चिंध्या देण्याचं. ज्या माणसाच्या सहीसाठी सुपरवायझर उभे राहायचे, तो आता चिंध्या दिल्याबद्दल दुसऱ्यांच्या सह्या घेऊ लागला. मी स्टोअरच्या खिडकीवर पुन्हा गेलो नाही. काही लागलं तर दुसऱ्याला पाठवायचो.

मंडळ वर्षभरात मोडलं. पंख सरांच्या गॅलरीत पडून राहिला आणि शेवटी भंगारात गेला. पत्रकही बंद पडलं. कारखान्यातल्या सुरक्षा सप्ताहात मात्र मी दरवर्षी भाषण करत राहिलो, टाळ्या घेत राहिलो. एकदा समोरच्या रांगेत फिटर बसले होते. मी भाषण लवकर संपवलं, घसा बसल्याचं सांगितलं.

नव्वदच्या दशकात आमच्या पट्ट्यातले कारखाने एकेक करून आटोपायला लागले. आमच्याकडेही स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि फिटर त्यात गेले. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. खिडकीकडे बघायचं टाळायचं एक काम कमी झालं.

मग एका रविवारी बदलापूरच्या बाजारात कारकून भेटला. एक पाय किंचित आखूड राहिला होता, त्यामुळे चालताना झुकायचा, पण तब्येतीने सुधारला होता, हातात भाजीच्या दोन पिशव्या. जुन्या गोष्टी निघाल्या. तो म्हणाला, "खरं सांगू का, त्या फिटरला मी कधीच माफ करून टाकलंय. मनात काही ठेवलेलं नाही. माणसाकडून चूक होतेच." आणि मोठ्या मनाने हसला. मी मान हलवली. माझ्या जागी दुसऱ्या माणसाला मिळालेली माफी मी तिथे उभा राहून ऐकून घेतली, वर पुन्हा त्याची एक पिशवी रिक्षापर्यंत उचलून दिली. घरी आलो तर जेवण जाईना. बायकोने दोनदा विचारलं, मी तिच्यावरच खेकसलो.

त्या आठवड्यात मी पत्रकाची दुरुस्ती लिहून काढली. एक पान. रेघेवर कुंकू लावायला मी सांगितलं, फिटरने दोनदा सावध केलं, मी पुसलं नाही, हात न लावता सह्या केल्या, अपघातानंतर कुंकू पुसलं, आणि फिटरवर ढकललं. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा अडीच पानं झाली होती. त्यातल्या सबबी काढल्यावर एक पान उरलं. ते घेऊन रविवारी सकाळी अंबरनाथला त्यांच्या घरी गेलो.

दार त्यांनीच उघडलं. त्यांनी मला "या साहेब" म्हटलं आणि मी पहिल्यांदा त्यांना "अहो" म्हणालो. ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, चेहऱ्यावर काही दिसलं नाही. बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्ची दिली. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग मुलीच्या टेबलावरून पेन्सिल घेतली आणि एका जागी खूण केली. "उजव्या बाजूचा जो नट फिरला होता तो पुढचा नव्हता, मागचा. मी बघितला होता." कागद परत दिला. "बाकी बरोबर आहे. कुणाला पाठवणार?"

मी सांगितलं, पत्ते राहिले नाहीत, मंडळ नाही, यंत्रही भंगारात गेलं. मॅनेजरसाहेब निवृत्त होऊन गावी गेले. बोलता बोलता मलाच ते ऐकवेना. चाळीस ठिकाणी पसरवलेलं खोटं पुसायला माझ्याकडे हाताने लिहिलेलं एक पान होतं.

"बदलापूरला दिलं?"

"अजून नाही. आधी तुम्हाला..."

"आधी तिथे द्यायला पायजे होतं. पाय त्याचा गेलाय." आवाजात राग नव्हता. कामात चूक दाखवायचे तसं त्यांनी ते दाखवलं. मग म्हणाले, "आता आलाच आहात तर बसा. मुलगी दुकानात गेलीय, येईल इतक्यात. तिला वाचून दाखवा."

मला कळेना. ते म्हणाले, "तुमचं ते पत्रक कॉलनीतल्या कुणीतरी तिच्या शाळेत आणलं होतं. सातवीत होती. मी तिला सांगितलं, माझी चूक नव्हती म्हणून. पण साहेब, माझं बोलणं तोंडी, आणि तुमचं छापील." त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला. माझ्याकडे न बघता ठेवला आणि आत गेली.

मुलगी आली. विशी ओलांडलेली, एका लॅबोरेटरीत नोकरीला होती. वडील म्हणाले, "हे कारखान्यातले साहेब. ऐक ते काय वाचतात." ती पिशवी हातातच धरून दारापाशी उभी राहिली. मी वाचलं. हजार माणसांपुढे भाषणं केलेला माझा आवाज तिसऱ्या ओळीला फाटला. पेन्सिलने केलेल्या दुरुस्तीसकट शेवटपर्यंत वाचलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

नंतर कळलं, असं म्हणायला जागा होती. तिने जणू ती मोकळीच ठेवली होती. "त्याच दिवशी," मी म्हणालो. "त्याच्या आधीपासून."

ती मला काहीतरी बोलेल म्हणून मी खाली मान घालून बसलो होतो. बोलली असती तर बरं झालं असतं. पण ती माझ्याकडे वळलीच नाही. वडिलांपुढे जाऊन उभी राहिली, चेहरा लाजेने उतरलेला, आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगत होता तेव्हा मला वाटायचं, तुम्ही खोटं बोलताय." फिटर म्हणाले, "माहीत होतं मला." आणि त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली.